विहाराच्या विहिरीची बाटली

१

काकडा संपला, टाळ सतरंजीवर उतरले, आणि सप्ताह कमिटीचे अध्यक्ष शालीकराम कटरे देवळातल्या कोनाड्यासमोर उभे राहून म्हणाले, “घ्या. झाली ना काळी.”

कोनाड्यात तीन लहान काचेच्या बाटल्या होत्या. पहिलीवर देवळाच्या विहिरीची चिठ्ठी, दुसरीवर गावतलावाची. त्या दोन्ही काळ्याशार झाल्या होत्या आणि त्याचं कोणाला नवल नव्हतं. तिसरी होती बुद्धविहाराच्या विहिरीची. तीही काळी. शाईची दौत भरून ठेवावी तशी.

या बाटल्या आरोग्य केंद्रातून येतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. रेषेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबेला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाणी पिवळसर राहिलं तर प्यायला हरकत नाही. काळं पडलं, तर त्यात हगणदारीचा अंश उतरला असं समजायचं.

सडक अर्जुनीच्या हायवेवरून आत, मोहाच्या झाडांमध्ये लपलेल्या करवंदटोल्यात हे ज्ञान आलं ते रचना मेश्राममुळे. ती गावाची जलसुरक्षक. तिने देवळाकडच्या आणि विहाराकडच्या, अशा दोन्ही मोहल्ल्यांतल्या बायांचा गट केला होता. दर महिन्याला या बाया विहिरी, बोअर आणि तलाव तपासत, विहिरीजवळचे शेणखताचे उकिरडे हलवायला लावत, आणि कोणी तलावाच्या पाळीवर डबा घेऊन जाताना दिसला की त्याच्या मागे शिट्टी वाजवत. शिट्टीमुळे गावातले काही थोर पुरुष त्यांच्यावर नाराज होते.

मागच्या चैत्रात हनुमान जयंतीच्या सप्ताहात देवळाच्या विहिरीच्या पाण्याने काला झाला आणि अर्ध्या गावाला जुलाब लागले. त्या वेळच्या कीर्तनकार सुमित्राबाई रहांगडाले यांनी जाताना बजावून सांगितलं होतं, “पुढच्या वर्षी जी विहीर स्वच्छ निघेल, तिच्या पाण्याचा काला. मग ती कोणाच्याही अंगणात असो. कबूल असेल तर मी येते. नसेल तर दुसरे बुवा शोधा.”

कमिटीने कबूल केलं. वर्षभरात एकच विहीर कायम स्वच्छ निघाली, ती बुद्धविहाराजवळची. म्हणजे पहिल्यांदाच देवळाच्या काल्याला तिकडचं पाणी येणार होतं आणि दोन्ही मोहल्ले एका पंगतीला बसणार होते. बऱ्याच जणांना ते आवडलं होतं. काहींनी नुसतीच मान डोलावली होती. पुढे बोट दाखवायला जागा नको म्हणून शेवटची तपासणी सगळ्यांच्या देखत झाली, आणि बाटल्या देवाच्या डोळ्यांसमोर कोनाड्यात ठेवल्या गेल्या. ते काल सकाळी. काला उद्या होता.

रचना बाटलीकडे बघतच राहिली. “माह्या हातानं भरली मी. इतके दिवसांत ते विहीर एकदाही काळी नाही निघाली.”

“आता निघाली ना,” शालीकराम म्हणाले. “कोनाचा दोष नाही, बाई. पन आता जारचं पानी. अन् तुमच्या गटाचं बी पाहा लागन. ज्या बाटलीचा भरोसा नाही, तिच्यासाठी लोकाईच्या मागं शिट्ट्या कायले वाजवाच्या?”

मागे दोघं-तिघं हसले. रचनाच्या गटातल्या बाया पदर आवळून उभ्या होत्या. आज ही बाटली काळी ठरली, तर उद्या पंगत मोडणार होती आणि परवा गट मोडणार होता, हे त्यांना सांगायला नको होतं.

तेवढ्यात चिपळ्या झोळीत टाकून सुमित्राबाई पुढे आल्या. मुर्रीच्या या बाई जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर लहानपणापासून मनात असलेलं कीर्तन त्यांनी उघडपणे हाती घेतलं. अख्ख्या तालुक्याची बाळंतपणं, जुलाब आणि बहाणे त्यांनी पाहिलेले. त्यांनी बाटली उचलली, दाराच्या उजेडात धरली, मग झाकणावरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

“रचना, तू पाणी कुठपर्यंत भरतेस?”

“रेषेपर्यंत. थेंबभर इकडं नाही, तिकडं नाही.”

“या दोन बघ. पाणी रेषेवर आहे. आणि ही तिसरी बघ.”

रचनाने पाहिलं. तिसऱ्या बाटलीतलं पाणी रेषेच्या चांगलं वर चढलं होतं.

“बाटलीत ठेवलेलं पाणी आपोआप वाढत नाही,” सुमित्राबाई म्हणाल्या. “काल सकाळनंतर कोणीतरी हिच्यात काहीतरी ओतलंय.”

२

विहाराच्या दारात सुमित्राबाईंनी चप्पल काढली, आतल्या मूर्तीला हात जोडले आणि मग विहिरीकडे वळल्या. विहिरीच्या कठड्यावर रचनाची सासू कलाबाई तंबाखू चोळत बसली होती. ही विहीर तिच्या नवऱ्याने आणि दिराने मुरूम फोडून खणलेली. कठड्याला ती दर दिवाळीला चुना मारी.

“या बाई. ऐकलं मी,” कलाबाई म्हणाली. “माही विहीर काळी झाली म्हने. मी त सकाळपासून तिचंच पानी पिऊन राहिली. पाहा बरं, मी काळी झाली का?”

“तुम्ही आधीपासूनच सावळ्या आहात, कलाबाई. तुमच्यावरून कसं कळेल?”

कलाबाई खदखदून हसली. रचना मात्र हसली नाही.

सुमित्राबाईंनी आजूबाजूला नजर फिरवली. विहार गावाच्या चढावर होता. त्याच्या वर फक्त मोहाचं रान. गावातलं सगळं सांडपाणी खाली वाहत जाऊन तलावात उतरत होतं, आणि तलावाच्या पाळीला खेटून होती देवळाची विहीर. ती काळी का निघते, हे सांगायला बाटलीची गरज नव्हती. ही काळी का निघावी, ते मात्र इथे उभं राहून काही केल्या सुचत नव्हतं.

“एक ताट आण,” त्या रचनाला म्हणाल्या. “जेवणाचं नको.”

रचनाने फुटकं मातीचं झाकण आणलं. सुमित्राबाईंनी सोबत आणलेली काळी बाटली त्यात हळूहळू ओतली. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि कलाबाईने तंबाखूसकट तोंड फिरवलं. पाणी ओतून झालं तेव्हा झाकणाच्या तळाला कागदाच्या पट्टीशेजारी एक बारीक पान चिकटलेलं होतं. सुमित्राबाईंनी ते काडीने उलगडलं. काळं पडलं होतं, पण त्याची कातरलेली कड ओळखू येत होती.

“तुळस,” त्या म्हणाल्या. “कलाबाई, इकडे कुठे तुळस आहे?”

“आंबा आहे, पिंपळ आहे. तुळस कायले राहीन आमच्या इथं? ते तुमच्या मंडळीची.” तिने सुमित्राबाईंच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडे हनुवटी केली. “तुमच्या गळ्यात त पुरी फांदी आहे.”

“म्हणजे संशयितांत मीही आले.”

“मी काही म्हटलं नाही, बाई. तुमीच म्हटलं.”

सुमित्राबाईंनी नवी बाटली मागितली. रचनाने विहिरीतून बादली काढली, बाटली रेषेपर्यंत भरली, आणि झाकणावर लाखेचा थेंब टाकून बंद केली. कलाबाईने ती हातातून काढून घेतली.

“हे बाटली आता देवाजवळ नाही ठेवाची. माह्या धानाच्या ढोलीत ठेवतो. तिथं ऊब बी आहे, अन् मी बी आहे.”

परतताना रचना खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, कोन असन ते? आमच्या गटात ज्याईच्या मांडीला मांडी लावून बसतो, त्याईच्यातलंच कोनी निघालं त?”

सुमित्राबाईंनी चालता चालता बोटं चोळून पाहिली. मग म्हणाल्या, “झाकणावर चंदनाचा वास होता. गावात कपाळाला गंध लावल्याशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस कोण?”

रचना जागीच थांबली. पारावर, कपाळावर ठसठशीत गंध लावून, शालीकराम कटरे कोणाशी तरी मोबाईलवर बोलत होते. त्यांचं शेवटचं वाक्य दोघींनाही नीट ऐकू आलं.

“अरे हो, म्या परवाच सांगतलं होतं ना तुले जार आनाले.”

परवा. म्हणजे बाटली काळी होण्याच्या आधी. भरण्याच्याही आधी.

३

“शालीकभाऊ,” सुमित्राबाई पाराच्या कडेवर बसत म्हणाल्या, “बाटली काळी होणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?”

शालीकरामांनी फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

“कोन म्हनते मले कळलं?”

“जार परवाच सांगितले होते ना?”

“ते जार...” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “ते काल्यासाठी नोहोत, बाई. माह्या पोरीची सासू येऊन राहिली तिरोड्यावरून. तिचा लई सोवळा कारभार. तिकडच्या विहिरीचं पानी आहे म्हनून समजलं त ताटावरून उठन, अन् पोरीले जन्मभर आयकवन. म्हनून म्या म्हटलं, तिच्यापुरते दोन जार गुपचूप ठेवावे. बाकी गाव पिऊ दे तिकडचं.”

“आणि तुम्ही? तुम्ही कुठलं प्याल?”

शालीकरामांनी पुन्हा फोन काढला. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं.

“पन बाटलीत म्या काही नाही टाकलं,” ते शेवटी म्हणाले. “मारुतीची आन घेतो. मन माहं डळमळलं, हात नाही.”

“मनाचं तुम्ही आणि मारुती बघून घ्या,” सुमित्राबाई म्हणाल्या. “एक सांगा, हे गंध रोज कुठे लावता?”

“देवळात. धुरपतामाय उगाळून ठेवते. जो येईल तो लावते.”

म्हणजे चंदनाच्या वासाने संशय एका कपाळावरून उठून सगळ्या गावाच्या कपाळावर गेला. मृदंगवाले बिसराम जवळच मृदंगाला शाई घोटत होते. ते म्हणाले, “बाई, मले बी लिहून घ्या. मी बी लावतो. पन माह्या हाताले कायम शाईच राहते, म्या झाकन उघडलं असतं त काळा ठसा उमटला असता.”

दुपारी जारवाला गुड्डू छोट्या टेम्पोतून आला. त्याला देवळाच्या पायरीवर बसवून सुमित्राबाईंनी ताक दिलं. गुड्डूचं बोलणं अर्धं गोंदिया स्टेशनवरचं आणि अर्धं सडक अर्जुनीच्या ढाब्यावरचं.

“देखो बाई, लोग क्या बोलते, मेरेको मालूम है. बाटली काली हुई तो गुड्डू का धंदा. पण मी असले धंदे करत नाही. मेरी माँ इधरीच रहती, वो भी यही कुएं का पानी पीती है.”

“काल दुपारी तुझा टेम्पो देवळासमोर उभा होता.”

“हां, था. शालीकभाऊ से बात करने आया था. वो घर पे नहीं थे. धूप इतनी थी के मैं मंडप में सो गया, खंबे के पीछे.”

“आणि झोपेत काही पाहिलं?”

“सोए हुए आदमी ने क्या देखना?” गुड्डूने ताकाचा पेला रिकामा केला. “पण ऐकलं. घंटी बजी थी. एक बार. टन्. फिर किसीने कुछ बुदबुदाया, जैसे मंतर बोलते. मैंने सोचा कोई दर्शन को आया होगा. करवट बदल ली.”

सुमित्राबाईंच्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलं.

“नक्की घंटा वाजली?”

“मारुती के सामने झूठ बोलूंगा क्या?”

“आणि पुटपुटणं घंटेच्या आधी की नंतर?”

“बाद में. अच्छे से, आराम से. जल्दी में नहीं था वो जो भी था.”

सुमित्राबाई उठून आत गेल्या. घंटेखाली उभ्या राहिल्या. तिथून हात लांब केला तर कोनाडा सहज हाताला लागत होता. मग त्यांनी रचनाला बोलावून तिच्या कानात एवढंच सांगितलं, “कोणाला तुझी बाटली बिघडवायची होती, असं आपण धरून चाललो. तिथेच चुकलो.”

“म्हनजे?”

“तुझ्याकडे आणखी एक रिकामी बाटली आहे का?”

४

देवळाची झाडलोट, फुलं, गंध आणि तीर्थ हे सगळं धुरपतामायकडे. पाठीत वाकलेली, तोंडात दात नसलेली, पण जीभ धारदार. मागच्या वर्षी काल्यानंतर तिला इतके जुलाब झाले की डोळे खोल गेले होते. रचनाने तिला रात्रभर मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि सकाळी मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून म्हातारी रचनाला लेक म्हणते, आणि गटातल्या कोणी तिच्याविरुद्ध ब्र काढला तर झाडू उगारते.

दुपारच्या आरतीनंतर ती पळीने तीर्थ देत होती. हातात तांब्याची झाकणवाली लोटी. प्रयागला जाऊन आलेल्या गावातल्या बायांत ती एकटीच उरलेली, आणि ही लोटी तिथली.

“घ्या बाई, गंगा घ्या,” तिने सुमित्राबाईंपुढे पळी केली.

“धुरपतामाय, प्रयागला जाऊन किती वर्षं झाली तुम्हाला?”

“नातू पोटात होता तवा. आता त्याले मिशा आल्या.”

“आणि गंगा अजून पुरते?”

मृदंगापाशी बसलेले बिसराम हसले. “धुरपतामायची गंगा सरतच नाही, बाई. आमी कितीक सालापासून पिऊन राहिलो.”

“तू गप बस बे,” म्हातारी म्हणाली. “गंगा आहे ते. सरन कशी?”

तिने लोटीतून पळी काढली. पळीत पाण्यासोबत एक हिरवं पान आलं. सुमित्राबाईंनी पानाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “मला थोडं घरी न्यायला द्याल? लहान बाटली आहे माझ्याकडे.”

“द्या की बाटली. दोन पळ्या टाकतो.”

म्हातारीने आनंदाने बाटली भरली. बाटली सुमित्राबाईंच्या पदराखाली गेली. जाता जाता त्या म्हणाल्या, “धुरपतामाय, रचनाची बाटली काळी झाली. वाईट वाटलं ना?”

म्हातारीचा हात लोटीच्या झाकणावर थांबला. “वाईट?” ती म्हणाली. “सकाळपासून घास गेला नाही, बाई. हे काऊन झालं, तेच मले समजून नाही राहिलं. होयाले नको होतं. काही केल्या होयाले नको होतं.”

आणि ती पाठ फिरवून, आधीच झाडलेला गाभारा पुन्हा झाडू लागली.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाआधी रचना सासूच्या धानाच्या ढोलीत, त्या उंच कणगीत, हात घालून बाटली काढायला गेली. हाताला दोन बाटल्या लागल्या.

“माय, आपन त एकच ठेवली होती.”

“दुसरी त्या बाईनं ठेवाले देल्ली,” कलाबाई म्हणाली. “म्हने, उजेडात पाहू नका, तशीच आना. मी नाही पाह्यली. पन लई मनात होतं पाहाचं.”

रचनाने दोन्ही अंगणात आणल्या. एक मधासारखी पिवळी होती. दुसरी काळीशार. तिने झटकन दोन्ही झाकणांवर लाखेचा थेंब शोधला.

५

काल्याचं कीर्तन सकाळी, उन्हं तापायच्या आत. मंडप भरला होता. एका बाजूला शालीकराम, त्यांच्या शेजारी तिरोड्याची विहीणबाई, पाठीमागे गुड्डू टेम्पोची किल्ली बोटात फिरवत. दुसऱ्या बाजूला विहाराकडची मंडळी, थोडी अंतर राखून, उठून जायला सोपं जाईल अशी. रचना पुढे. तिने कीर्तनाआधी विनवलं होतं, “बाई, जे कोनी असन त्याचं नाव घ्या. पुऱ्या गावासमोर घ्या.” सुमित्राबाई म्हणाल्या होत्या, “नाव मी घेणार नाही. नाव घेणारी आपण होऊन उभी राहील.”

मृदंगावर थाप पडली. नामाचा गजर झाला. पूर्वरंग त्यांनी थोडक्यात आटोपला आणि पदर खोचून आख्यानाला सुरुवात केली.

“ऐका. एका गावात एक लेक होती. तिने गावाचं पाणी राखायचं मनावर घेतलं. तिची परीक्षा देवासमोर ठेवली गेली, आणि कोणीतरी त्या परीक्षेत हात घातला. आता तुम्ही म्हणाल, हा वैरी कोण? मलाही पहिल्यांदा वैरीच दिसला. जार मागवणारा दिसला, जार विकणारा दिसला.”

शालीकरामांनी मान खाली घातली. विहीणबाईने विचारलं, “कोनते जार?” शालीकरामांनी न ऐकल्यासारखं केलं.

“पण वैऱ्याला बाटली बिघडवायची असती, तर त्याने काय केलं असतं? शेजारीच तलावाची बाटली होती. तिच्यातले चार थेंब इकडे टाकले असते, काम झालं. पण तलावाची बाटली रेषेवर जशीच्या तशी. त्याने बाहेरून पाणी आणलं. आणि त्या पाण्यात काय होतं? तुळशीचं पान. झाकणावर काय होतं? चंदन. आणि मंडळी, कोनाड्यात हात घालायच्या आधी त्याने काय केलं?”

त्यांनी बिसरामांकडे पाहिलं. बिसराम उठून घंटेची दोरी ओढून आले. टन्.

“त्याने घंटा वाजवली. देवाला उठवलं. मग सावकाश मंत्र म्हटला. अहो, चोरी करायला आलेला माणूस घरधन्याला हाक मारून उठवतो का? जो घंटा वाजवतो, त्याला आपण पाप करतोय असं वाटतच नसतं. तो चांगलं करायला आलेला असतो.”

सुमित्राबाईंचा आवाज आता अगदी मऊ झाला.

“चांगलं काय? तर लेकीची बाटली पास व्हावी. आणि लोक जे कुजबुजत होते, की तिकडचं पाणी देवाला कसं चालेल, त्या लोकांचं तोंड बंद व्हावं. म्हणून त्याने आपल्याजवळचं सगळ्यात पवित्र होतं ते आणलं. पळीभर गंगा. ती बाटलीत सोडली.” त्यांनी झोळीतून काळी बाटली काढून वर धरली. “काल मी तीच गंगा दुसऱ्या बाटलीत घेतली. कलाबाईंच्या ढोलीत ती रात्रभर होती. बघा.”

“गंगा काळी?” पाठीमागून कोणीतरी बोललं. “गंगा काळी कशी होईन?”

“तेच मला विचारायचं आहे,” सुमित्राबाई म्हणाल्या. “गंगेत दोष नाही. पण नातवाला मिशा आल्या तरी लोटी रिकामी होत नाही, ती भरते कशी?”

बायांच्या बाजूला काठी टेकल्याचा आवाज झाला. धुरपतामाय उभी राहिली.

“म्या टाकली,” ती म्हणाली. “दर दशहऱ्याले तलावावर जातो. लोटी भरतो. गंगेत पानी मिसळलं का तेही गंगाच होते, असं माही सासू करे, तिची सासू करे. म्या बी केलं.”

रचना उठून तिच्याजवळ गेली, पण दोन हात अंतरावर थांबली. तिला त्या म्हातारीला मिठी मारायची होती आणि तिच्यावर ओरडायचंही होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही. ती एवढंच म्हणाली, “माय, तुमी मले विचारलं काऊन नाही?”

“तुले विचारलं असतं त तू नाही म्हटली असती.”

तोवर कलाबाई उठली होती. ती मंडपाच्या मधोमध आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “धुरपता, माह्या विहिरीले पाक करायले तुले गंगा लागली व?”

प्रश्न एका म्हातारीला होता, पण शालीकरामांचे कान लाल झाले.

धुरपतामायने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “विहिरीले नाही लागली, कले,” ती शेवटी म्हणाली. “माह्या मनाले लागली. लोक म्हनत होते, त्यात थोडी मी बी होती. रचनावर माहा जीव आहे. पन तिकडचं पानी देवाले, म्हटलं का आत काहीतरी अडे. म्हनून गंगा टाकली.”

“मंग आता?”

“आता काय. माहीच गंगा काळी निघाली.”

कलाबाईच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने पिवळी बाटली रचनाच्या हातातून घेतली आणि म्हातारीपुढे धरली. “पाह्य. हे माही. हिच्यात काहीच नाही टाकलं. नुसतं पानी आहे.”

धुरपतामायने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलली आणि मंडपाबाहेर चालू लागली.

“कुठं चालली व?” कलाबाईने विचारलं.

“तुह्या विहिरीवर. काल्याले पानी लागते ना? का इथंच बसून राहाचं?”

सुमित्राबाईंनी मृदंगाकडे खूण केली. बिसरामांनी थाप दिली, टाळ वाजले, आणि काल्याचं कीर्तन अर्धं सोडून अख्खा मंडप चढ चढू लागला. विहिरीवर कलाबाईने बादली ओढली. धुरपतामाय तिच्यापुढे वाकून उभी राहिली आणि दोन्ही हातांची ओंजळ केली. कलाबाईने पाणी ओतलं. म्हातारी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “गोड आहे. आधी काऊन नाही सांगतलं?”

“तीस साल झाले सांगून राहिली,” कलाबाई म्हणाली. “तू आयकत होती कुठं?”

दुसरी ओंजळ शालीकरामांची होती. तिसरी, कोणी न बोलावता, तिरोड्याच्या विहीणबाईची. चढ चढून तिला फार तहान लागली होती. गुड्डू जार तसेच परत घेऊन गेला, पण काला खाऊन.

६

निघायच्या आधी सुमित्राबाई धुरपतामायला आणि रचनाला तलावाच्या पाळीवर घेऊन गेल्या. चैत्राच्या उन्हात पाणी खूप खाली गेलं होतं. काठावर म्हशी होत्या, नाल्यातून गावातलं सांडपाणी येत होतं, आणि पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांत कोणाचा तरी डबा चमकत होता.

“धुरपतामाय, हिला तुम्ही गंगा म्हणता ना?”

“म्हनतो.”

“मग गंगेच्या काठावर हे असं चालतं का?”

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून त्या डब्याकडे पाहिलं. मग रचनाकडे वळून तिने हात पुढे केला. “तुह्याजवळची शिट्टी दे.”

“तुमाले दात नाहीत, माय. वाजन कशी?”

“दे त खरं.”

शिट्टी वाजली. झुडपातून डबा खळकन पडला आणि बिसराम धोतर सावरत बाहेर आले. “धुरपतामाय, मी आहो मी,” ते म्हणाले.

“तूच आहे म्हनूनच वाजवली,” म्हातारी म्हणाली. “उद्यापासून गंगेवर डबा घेऊन आला, त तीर्थ बंद.”

पुढच्या चैत्रात सुमित्राबाई आल्या तेव्हा देवळात तीर्थाच्या लोटीत विहाराच्या विहिरीचं उकळलेलं पाणी होतं आणि वर ताजं तुळशीचं पान. ते पान आता कलाबाईच्या अंगणातून येत होतं. धुरपतामायने तिथे रोप नेऊन लावलं होतं. कलाबाई म्हणाली होती, “लाव. पन पूजा नको सांगू. सर्दीले कामात येईन.”

कोनाड्यात तीन बाटल्या पुन्हा होत्या. विहाराची मधासारखी पिवळी. देवळाच्या विहिरीची काळी. तलावाची सकाळी पिवळीच होती. सगळा गाव तिच्याभोवती जमला. दुपारच्या आरतीच्या वेळी तीही हळूहळू काळी पडली.

रचनाचं तोंड उतरलं. धुरपतामायने बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि परत ठेवली.

“मागच्या साली तोंड धुवायच्या आत काळी झाली होती,” ती म्हणाली. “औंदा दुपार झाली. म्हातारीची गंगा आहे, बाई. हळूहळूच चालन.”

आणि शिट्टी गळ्यात अडकवून ती तलावाकडे निघाली.